पिवळीची झोप

संघपाल पगारे. वय चव्वेचाळीस. व्यवसाय : हायड्रोजनच्या टँकरवर ड्रायव्हर. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण : ताशी तीन. निष्कर्ष : निरोगी. खाली सही : हर्षाली पगारे, निद्रा तंत्रज्ञ.

संघपाल माझा सख्खा मोठा भाऊ. सही माझी. आणि कागद खोटा.

मी पैसे खाल्ले नव्हते, आकडा बदलला नव्हता. यंत्राने जे दाखवलं तेच खाली उतरवलं होतं. तरी कागद खोटा. कसा, ते सगळं सांगते. यात माझी चूक कुठे झाली तेही लपवणार नाही.

आमचं निद्रा केंद्र चाळीसगावात, बायपासला लागून. बारा खोल्या. बाहेर भर दुपारी डांबर मऊ पडलेलं असतं आणि आत बारा ड्रायव्हर काळ्या पडद्यांआड ढाराढूर झोपलेले असतात. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार. दिवसाला तीन पाळ्या, छत्तीस माणसं. एका घाटात झोपलेल्या ड्रायव्हरने लग्नाची बस दरीत घातली, त्यानंतर कायदा आला. जड वाहन चालवायचं तर दर दोन वर्षांनी श्वास-दाखला पाहिजे.

सुरुवातीला तपासणीचा पट्टा घरी द्यायचे. रात्री छातीला बांधा, सकाळी आणून द्या. आपल्या लोकांनी काय करावं? पट्टा बायकोला बांधला. एकाने सासूला बांधला. एकशे दहा किलोच्या एका ट्रेलरवाल्याच्या रिपोर्टात ठोके दोन निघाले, एक मोठा, एक बारीक. बायकोला सातवा महिना होता. हा किस्सा खरा की रचलेला, मला माहीत नाही, पण पट्टा बंद झाला तो असल्या प्रकारांमुळेच. मग ठरलं, तपासणी केंद्रातच, तंत्रज्ञाच्या नजरेसमोर.

आता झोपेतल्या श्वासाचं काय ते समजून घ्या. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचे इतके सैल पडतात की भिजलेल्या पिशवीसारख्या घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो. मग मेंदू घंटा वाजवतो, माणूस दोन-तीन सेकंद जागा होतो, घसा उघडतो, मोठा आवाज करून श्वास आत जातो आणि माणूस परत झोपतो. सकाळी यातलं त्याला काहीही आठवत नाही. ताशी पाच वेळा झालं तर चालतं. पंधराच्या वर गेलं तर परमिट बंद. चाळीस वेळा होत असेल तर त्या माणसाने रात्रभर पडून राहूनही झोप घेतलेलीच नसते. ती झोप तो दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर घेतो.

हे मोजायचं तर माणूस झोपायला पाहिजे. आणि ड्रायव्हर परक्या गादीवर झोपत नाही. डोक्याला वायरी, नाकाला नळी, बोटाला चिमटा, वर नोकरी जायची भीती. आधीच्या काळी अशा वेळी साधी झोपेची गोळी देत. त्यावर अभ्यास झाले होते, आकड्यात फारसा फरक पडत नाही असं दिसलं होतं, त्यामुळे त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. मग नवीन गोळी आली. कंपनीचं नाव लांबलचक, आम्ही तिला पिवळी म्हणायचो. दहा मिनिटांत झोप, तीन तासांत जाग, उठल्यावर डोकं साफ. रात्रीची गरजच संपली. खास श्वास अडणाऱ्या रुग्णांसाठी बनवलेली, त्यामुळे पूर्ण सुरक्षित, असं खोक्यावर छापलेलं.

नियमाप्रमाणे गोळी ऐच्छिक. पण गोळीशिवाय दोन तास झोप झाली नाही तर संगणक तपासणी रद्द करतो आणि पुढची तारीख महिन्याने. तो महिना गाडीला हात लावायचा नाही. मग ऐच्छिक कसलं डोंबलाचं? सगळेच घ्यायचे.

दादाची पाळी पावसाळ्यानंतर आली. मीच वायरी लावत होते.

"हर्षे, नवरदेवाला मुंडावळ्या बांधतेस का?"

"मुंडावळ्या दोन असतात. तुला बावीस लावायच्यात. मान हलवू नको."

"तुझ्या वहिनीनेसुद्धा एवढा बांधून ठेवला नव्हता मला."

अर्धा तास झाला तरी तो छताकडे बघत पडलेला. मी आत गेले.

"झोप की."

"गादी मऊ आहे. काही थरथरत नाही. कोणी हॉर्न देत नाही. माणूस झोपणार कसा?"

मला हसू आलं. आणि मी माझ्या हाताने त्याच्या जिभेवर पिवळी ठेवली. "घे. नाहीतर महिनाभर घरी बसशील, आणि वहिनी मला शिव्या देईल." संगणकावरच्या 'साहाय्यित झोप' या चौकटीत टिचकी मारली. तीन तासांनी दादा ताजातवाना उठला. ताशी तीन. मी सही केली. बाहेर जाऊन दोघांनी चहा घेतला. चूक म्हणतात ती हीच, आणि ती मी लाडाने केली.

चार महिन्यांनी एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले होते. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी. तोंडी लावायला दादाने खिशातून कागदाची पुडी काढली. आत हिरव्या लवंगी मिरच्या.

"टँकरवर रोज पावशेर नेतात," प्रज्ञावहिनी म्हणाल्या. "विचारा तुमच्या भावाला, तिथे भाजीचं दुकान मांडलंय का."

मी दादाकडे बघितलं तर भाकरीचा तुकडा हातात तसाच आणि हनुवटी छातीवर. घोरायला लागला होता.

"बघा ताई! जेवता जेवता!" वहिनींचा आवाज चढला. "निरोगी म्हणून कागद तुम्हीच दिला ना? मग हे काय आहे? दारू पीत नाही म्हणतात. दुसरीकडे जात नाही म्हणतात. आणि घरात आले की असे लोळतात. मी काय समजायचं?"

घोरणं थांबलं. वहिनींना वाटलं, त्यांच्या ओरडण्याने थांबलं. पण दादाचं पोट हलत होतं आणि नाकातोंडातून वारा येत नव्हता. मी सवयीने मोजायला लागले. दहा. वीस. ओठांचा रंग बदलायला लागला. तीस. चौतीसला त्याची मान झटका खाऊन वर गेली आणि तुंबलेली मोरी एकदम मोकळी व्हावी तसा आवाज घशातून आला.

"मी झोपलो नव्हतो," दादा म्हणाला.

"दादा, हे रोज होतं?"

"काय रोज?"

"टँकरवर डोळा लागतो?"

तो वहिनींकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मॅनेजरला सांगून बघितलं होतं. म्हटलं साहेब, घाटात झोप येते, दुपारनंतरची फेरी नको. त्याने फोन काढून तुझा कागद दाखवला. पगारे, म्हणाला, तू शंभर टक्के फिट आहेस, ही झोप आळसाची आहे. लेखी समज दिली मला." पुडी घडी घालून त्याने परत खिशात ठेवली. "मी पण कागद बघितला. हर्षीची सही आहे म्हटल्यावर बरोबरच असणार. म्हटलं आपणच नालायक झालो. तेव्हापासून मिरच्या चावतो."

त्या दिवशी मला भरीत गोड लागलं की तिखट, काही आठवत नाही.

सोमवारी मी केंद्रातल्या मूळ नोंदी उघडल्या. रिपोर्टावर गोळीचा रकाना नसतो. तो फक्त मूळ नोंदीत असतो आणि तिकडे कोणी फिरकत नाही. वर्षभरात दहा हजारांवर तपासण्या. त्यातल्या बिनगोळीच्या किती? संगणक रद्द करतो त्या सोडून पूर्ण झालेल्या फक्त चौतीस. चौतीसही एकाच महिन्यातल्या, सकाळच्या पाळीतल्या. नावं वाचली आणि लक्षात आलं. इस्माईल तडवी, रशीद पिंजारी, हमीद खाटीक. तो रमजानचा महिना होता. रोजा धरलेला माणूस दिवसा गोळी कशी गिळणार? नको म्हणाले. आणि पहाटे सहेरीला उठलेले असल्यामुळे आठ वाजता पडल्या पडल्या झोपले. दोन तासांच्या वर, गोळीशिवाय, पक्की झोप.

चौतीसमधले सतरा नापास.

उरलेल्या वर्षात, पिवळी घेतलेल्यांमध्ये, शंभरात तीन.

मला ते दिवस आठवले. केंद्रात चहा पिताना लोक म्हणत होते, "या लोकांचं खाणंच तसलं." मी ऐकून घेतलं होतं. जन्मभर माझ्याबद्दल असली वाक्यं ऐकलेली मी, आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याची लाज आज वाटते.

आणि इस्माईलचाचा. रमजानमध्ये एकेचाळीस आले, परमिट गेलं. दोन महिन्यांनी फेरतपासणीला परत आले, वजन तेच, मान तीच. या वेळी पिवळी घेतली. चार आले. रिपोर्टावर 'लक्षणीय सुधारणा' लिहून डॉक्टरांनी पाठ थोपटली, चाचांनी मला पेढा दिला, मी तो खाल्ला. सध्या ते सिमेंटचा बल्कर चालवतात. त्याच घाटात.

गोळीच्या खोक्यातलं माहितीपत्रक घेऊन बसले. असली पत्रकं कोणी वाचत नाही, घडी उलगडता उलगडताच माणूस कंटाळतो. आत दोन औषधं होती. एक झोपेचं. दुसरं कशासाठी? झोपेत घसा सैल पडू नये म्हणून जिभेच्या मुळाचे स्नायू ताठ ठेवणारं. झोपेच्या औषधाने श्वास अडणाऱ्या रुग्णाचा जीव जाऊ नये ही त्यामागची काळजी. चांगलीच काळजी. पण मग बघा काय झालं. जो घसा मिटतो की नाही हे आम्ही मोजायला बसलोय, तो घसा मिटू नये असं औषध आम्हीच आधी पोटात घालतोय. तापाची गोळी देऊन ताप मोजल्यासारखं. कंपनीच्या चाचण्यांचा निष्कर्ष एका ओळीत होता : 'श्वसन बिघडत नाही.' खरंच बिघडत नाही. ते सुधारतं, तीन तास. आणि ते का सुधारतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण सुधारलेल्या आकड्यावर सगळ्यांचंच बरं चाललं होतं. मालकांना ड्रायव्हर मिळत होते, ड्रायव्हरांना दाखले मिळत होते, आम्हाला पाळ्या.

डॉक्टर रत्नपारखी आमच्या केंद्राचे मालक. माणूस सभ्य, आवाज कधी चढवत नाही. मी सगळं टेबलावर मांडलं.

"पगारे, रोज्यात घसा कोरडा पडतो. त्यामुळे आकडा वाढतो. साधी गोष्ट आहे."

"सर, इस्माईलचाचांचा घसा रोज्यानंतर ओला झाला म्हणून एकेचाळीसचे चार झाले?"

"दोन महिन्यांत बरंच काही बदलू शकतं."

"मान तेवढीच आहे सर. मीच मोजली दोन्ही वेळा. अठरा इंच."

ते चष्मा पुसायला लागले. "बसा. हे बघा, हजारो दाखले आहेत. आपलं एकच केंद्र नाही, राज्यात शेकडो आहेत. तुम्ही म्हणता ते बाहेर गेलं तर उद्या अर्धी वाहतूक उभी राहील. दूध, भाजी, औषधं. आणि पहिला रद्द कोणाचा होईल माहीत आहे? ज्यांच्या दाखल्यांवर तुमची सही आहे त्यांचा. तुमच्या भावाचा पण आहे ना त्यात?"

"आहे."

"मग?"

"म्हणूनच आलेय."

त्यांनी चष्मा चढवला. "शास्त्र रागावर चालत नाही पगारे. मला एकच माणूस द्या. उपाशी नसलेला. एकाच आठवड्यात एकदा गोळीशिवाय, एकदा गोळी घेऊन. दोन्ही वेळा पूर्ण झोप. एवढं आणलंत तर मी स्वतः परिवहन आरोग्य कक्षाला पाठवतो."

मला घालवायला बोलले होते. पण बोलले ते बरोबर होतं, म्हणून मी ते धरून बसले.

संध्याकाळी दादाकडे गेले. दारातच सांगितलं. तो ऐकता ऐकता लाल झाला.

"आधी सही करून फिट केलंस. आता सही करून अनफिट करणार. मी काय तुझी पाटी आहे? लिहायचं, पुसायचं?"

"दादा, मी चुकले. म्हणूनच..."

"परमिट जाईल?"

"जाईल."

"नक्की?"

"नक्की. मग रोज मास्क लावून झोपायचं. मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. तीन महिने नीट लावला की परमिट परत मिळतं. कागदावर. पण ठेकेदार मास्कवाल्यांना घेत नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवत नाही."

"मग तीच पिवळी रोज दे ना मला! घसा उघडा राहतो म्हणतेस."

"तीन तास राहतो. पुढचे चार तास कोण उघडा ठेवणार, मी? आणि दुसरी घेतलीस तर सकाळी गाडीवर पेंगशील."

"म्हणजे सगळ्या बाजूंनी माझीच..." त्याने शिवी गिळली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मग दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "परवा घाट उतरत होतो. सातवं वळण घेतलं. हॉर्न दिला. नंतर बघतो तर अकरावं. मधली तीन वळणं कुठे गेली, मला माहीत नाही. गाडी कोणी वळवली तेही माहीत नाही. पाठीमागे चार टन हायड्रोजन."

वहिनी आत येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "हे मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस आळशी आहे."

"म्हणालेच असते," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच करडा. "ताई, यांचा मंगळवार रिकामा टँकर घेऊन परतीचा असतो. मंगळवारी घ्या."

"अगं पण केंद्रात मला झोप येत नाही."

"केंद्रात नको," मी म्हणाले. "तुला जिथे येते तिथे."

घाटाच्या पायथ्याशी टँकरांचा थांबा आहे. दुपारी एक ते चार गाड्या सक्तीने उभ्या करतात. मी तपासणीची पेटी घेऊन पोचले तेव्हा दादाने सीटमागच्या बर्थवर चादर झटकून ठेवली होती, जणू पाहुणीच येणार होती. टाकी रिकामी असली तरी गार ठेवायला लागते, त्यामुळे पंप चालू. सगळी केबिन बारीक थरथरत होती. आरशाला निळा झेंडा, डॅशबोर्डवर मिरच्यांची पुडी. मी वायरी लावल्या.

"जय भीम," शेजारच्या गाडीतून एकाने हाक मारली. "काय संघपाल, करंट देतायत का तुला?"

"बहीण आहे माझी. लहानपणी मी हिच्या वेण्या ओढायचो, त्याची परतफेड चाललीय."

पाच मिनिटांत तो झोपला. गोळी नाही, काही नाही. केंद्रातल्या मऊ गादीवर अर्धा तास तळमळणारा माणूस हातभर रुंदीच्या फळीवर लहान पोरासारखा झोपला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मांडीवरच्या पडद्याकडे बघत होते. श्वासाची रेघ चढायची, उतरायची, आणि सपाट व्हायची. सपाट. सपाट. खाली प्राणवायूचा आकडा घसरत जायचा. ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी. मग घंटा, झटका, रेघ उसळी मारून वर. परत सपाट. उठवावं असं मला शंभर वेळा वाटलं असेल. उठवलं असतं तर तपासणी मोडली असती. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. तिथे दादाच्या तळव्यांनी रबर गुळगुळीत झालेलं होतं.

दोन तास चाळीस मिनिटं. ताशी सेहेचाळीस.

गुरुवारी तोच दादा आमच्या केंद्रात आला, भरपेट जेवून, पिवळी घेऊन झोपला. ताशी तीन.

दोन्ही कागद घेऊन मी रत्नपारखींकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचले. "केबिनमधली तपासणी ग्राह्य धरता येत नाही," ते म्हणाले. "मी पाठवू शकत नाही."

"तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"ठीक आहे सर." मी कागद उचलले. "मी पाठवते. माझ्या नावाने. माझ्या चुकीसकट."

"तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही मग."

"ते कळलं मला."

त्याच संध्याकाळी सगळ्या नोंदी परिवहन आरोग्य कक्षाला पाठवल्या. त्यात माझी टिचकी, माझी सही, रोजेवाले चौतीस, इस्माईलचाचा, दादा, सगळं. दादाच्या नावापुढे त्याची संमती लागत होती. त्याने सही केली आणि म्हणाला, "चल."

"कुठे?"

"मॅनेजरकडे. तू पण चल. सही करणारीने यायला पाहिजे."

मॅनेजर म्हणजे तिशीतला पोरगा, नाव कुलथे. दादाने टँकरची चावी टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी दोन कागद.

"साहेब, या कागदावर मी फिट आहे. या कागदावर मी झोपेत तासाला सेहेचाळीस वेळा मरतो. दोन्हीवर माझ्या बहिणीची सही आहे."

कुलथे आळीपाळीने कागदांकडे बघत राहिला. "मग खरा कुठला?"

दादाने खिशातली पुडी काढून त्या कागदांवर ठेवली. अर्धवट चावलेल्या मिरच्यांची देठं होती तिच्यात. "हे रोज कशाला चावतो, ते तुम्हाला आधी सांगून झालंय. तुम्ही मला लेखी समज दिली. आता मी तुम्हाला देतोय. घ्या, पोच द्या."

कुलथेने पोच दिली. लिहिताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

दादाचं परमिट पाचव्या दिवशी गेलं. ते घाईने झालं. कक्षाचं उत्तर यायला तीन आठवडे लागले : 'एका व्यक्तीच्या नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही. किमान तीस व्यक्तींच्या दुहेरी तपासण्या सादर केल्यास विचार करता येईल.' मी ते दादाला वाचून दाखवलं. तो मास्क लावून झोपायला लागल्याला तेव्हा अठरा दिवस झाले होते. चेहऱ्यावरची सूज गेली होती. वहिनी सांगत होत्या, पहिल्या आठवड्यात घोरणं बंद झाल्यावर त्यांनाच झोप येईना, सारखा हात लावून बघायच्या. आता रोज पहाटे वहिनींच्या आधी दादाच उठून चहा ठेवतो म्हणे.

"तीस म्हणजे किती मंगळवार?" दादाने विचारलं.

"तुझ्यासारखे वेडे तीस आणणार कुठून? परमिट जाणार हे माहीत असून कोण येईल?"

"ते माझ्यावर सोड."

तो रोज थांब्यावर जाऊन बसायला लागला. बिनपरमिटचा ड्रायव्हर, हातात वही. प्रत्येक केबिनमध्ये चढून विचारायचा, "मिरची का तंबाखू? का गालात चापट?" कोणी हाकलून दिलं. कोणी म्हणालं, बहिणीने तुला बुडवलं, आता आम्हाला बुडवायला आलास. एकाने खाली उतरून त्याची कॉलर धरली. दादा तिथेच उभा राहिला, म्हणाला, "मार, पण आधी सांग, आज घाटात किती वळणं मोजलीस?" त्या माणसाने कॉलर सोडली. चौथ्या आठवड्यात त्याच माणसाने वहीत नाव लिहिलं.

पहिल्या दिवशी नऊ जण आले. गोळीवाली तपासणी सगळ्यांची आधीच नोंदीत होती, बहुतेकांची माझ्याच सहीची. आता बिनगोळीची करायची. पिवळीवाली जुनी म्हणून कक्षाने हरकत घेतली तर तीही परत करू, त्याच आठवड्यातली. तीसचे साठ झाले तरी करू. पेटी माझ्या एका मैत्रिणीने तिच्या केंद्रातून आणून दिली, तिचं नाव मी इथे घेणार नाही.

दुपारचा एक वाजला. गाड्या ओळीने उभ्या, पंप चालू, माणसं आपापल्या फळीवर. पहिल्या नंबरला सिमेंटचा बल्कर होता. मी वर चढले तर इस्माईलचाचा शर्टाची वरची बटणं काढून, पाय लांब करून तयार. अठरा इंची मान.

"चाचा, नीट विचार केलाय ना? तुमचं एकदा गेलंय. परत जाईल."

"बेटा, मागच्या साली तू मला आधी फेल केलंस. मग पास केलंस. मी पेढे वाटले." त्यांनी डोळे मिटले आणि वायरींसाठी कपाळ पुढे केलं. "या वेळी परत फेल कर. पण बराबर फेल कर."

मी पहिली वायर लावली.